आईचे डोळे वर का जायचे

मी एनएलपी, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग, शिकवतो. माणूस कसा शिकतो हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं, असा माझा धंदा. आठवताना डोळे वर गेले तर त्याला चित्र दाखवा, आडवे गेले तर ऐकवा, खाली गेले तर हाताला धरून करून घ्या. माझ्या वर्गातले आयटीवाले हे वहीत उतरवून घेतात आणि टाळ्या वाजवतात.

दादा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्ग घेतला. आईला रोज सकाळी इन्सुलिन लागतं. अकरा वर्षं दादाच टोचायचे, आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, विश्रांतवाडीहून, वारज्याला तिच्याकडे येऊन टोचत होतो. हे किती दिवस चालणार? महिनाअखेरपर्यंत स्वतःचं स्वतः जमलं तर तिने वारज्यात राहावं, नाहीतर सामान बांधून माझ्याकडे यावं, असं मी सांगून टाकलं होतं. तिला घर सोडायचं नव्हतं.

दादा आधी काय करायचे, मग काय, असं मी तिला विचारत गेलो. दर वेळी तिचे डोळे वर गेले. झालं निदान. मी रंगीत तक्ते करून कपाटावर चिकटवले. आई हो हो म्हणायची आणि इन्सुलिनचं पेन हातात दिलं की थिजायची.

शेवटी मी वैतागलो. तक्ता समोर आहे, वर काय बघतेस, म्हणालो.

"तुझ्या दादांकडं बघती," आई म्हणाली. "टोचताना मी डोळं मिटून घ्यायची, संपत. त्ये माझा हात धरायचे. बाकी सगळं त्येंनाच ठावं हाय."

मी वळून पाहिलं. दाराच्या वर दादांचा फोटो होता. मीच लावलेला. त्यानंतर मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसलो आणि पेन धरलेला तिचा हात माझ्या हातात घेतला. असा तिचा हात मी शेवटचा कधी धरला होता, आठवेना. तिने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी तिने माझा हात बाजूला केला आणि एकटीने टोचून घेतलं.

"उद्यापासनं येऊ नगंस," ती म्हणाली. "जमतंय मला."

मला हेच हवं होतं. मी चप्पल घालायला खाली वाकलो, आणि दादा गेल्याचं मला तेव्हा कळलं.