हाळीला जास्तीचा होकार

"आपल्या टोळीला काळजीच न्हाई," ट्रॉलीच्या दांडीवर उभा राहून अभिमन्यू मुकादम म्हणाला. "म्होरं धुई असू दे न्हाई तर काय बी असू दे. तुमी इचारायचं, माझं उत्तर तयार."

एवढं बोलून तो ऐटीत खाली उतरला, तो थेट वत्सलाबाईच्या पिठाच्या डब्यात. उजवा पाय घोट्यापर्यंत पांढरा झाला.

"ह्याचं काय उत्तर हाय?" वत्सलाबाईनं विचारलं.

अभिमन्यूनं गुपचूप हापशावर जाऊन पाय धुतला.

आष्टीकडची ही टोळी तेलगावच्या शिवारात ऊस तोडायला आली होती. यंदा कारखान्यानं तोडणीचं मशीन आणलेलं. शेजारच्या टोळ्या मोडून घरी गेल्या होत्या आणि हितं बी रोज कुणीतरी गाठोडं बांधायचं. टोळी मोडली तर मुकादम कुणाचा मुकादम? म्हणून अभिमन्यूनं नेम धरला होता, 'ठाऊक न्हाई' हे तोंडातून काढायचंच नाही. मशीन आपल्या फडात येणार का? न्हाई, चिखलात फसतंय ते. धुई कधी उठंल? आत्ता. लोकांना बरं वाटायचं, गाठोडी सुटायची.

उभ्या उसात माणसाला माणूस दिसत नाही. म्हणून टोळीची रीत अशी, की मधून मधून मुकादमानं बांधावरून "हायत का रेऽ" अशी हाळी द्यायची आणि आपापल्या पातीतून, म्हणजे वाटून दिलेल्या उसाच्या पट्ट्यातून, एकेका जोडीनं "हो" म्हणायचं. सगळ्यात शेवटचा होकार वत्सलाबाईचा नवरा पंडित द्यायचा, कारण त्यांची पात कडेची.

पाय पिठात पडला त्याच सकाळी ट्रॅक्टरच्या सीटवरून तानाजी ड्रायव्हरला बोनेट दिसत नव्हतं, एवढी धुई. अभिमन्यूनं हाळी दिली. होकार आले. पंडितचा आला. आणि मग फडाच्या पार आतून, जिथं अजून कुणाचा कोयता पोचला नव्हता, तिथून आणखी एक आला.

"हो."

कोयते थांबले.

"मुकादम, ते कोन बोललं?" पंडितनं विचारलं.

आत आपण कुणालाच लावलेलं नाही, हे अभिमन्यूला पक्कं माहीत होतं. पण उत्तर तयार होतं. "आपलाच माणूस हाय. बद्रीनाथ. मीच लावलाय त्याला आतून तोडायला."

"मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला इचारून माणसं लावू का बे?"

उसातून आवाज यायला लागला. खच्, खच्. टोळीला लई हुरूप आला. असला गडी असल्यावर मशीनची काय टाप?

दुपार झाली तरी धुई उठली नाही. वत्सलाबाईनं फडक्यात भाकरी-ठेचा बांधून उसाच्या तोंडाशी ठेवला. जरा वेळानं बघितलं, तर फडक्याची नीट घडी, आणि शेजारी बांधलेल्या मोळ्यांची रांग.

"काय बांधनी हाय," ती म्हणाली. "असला जावई पाहिजे."

"आपल्याला पोरगी न्हाई," पंडित म्हणाला.

"म्हनून मोळीला नावं ठेवू का?"

सगळे हसले. अभिमन्यू हसला नाही. बद्रीनाथ त्याच्या तोंडातून निघाला होता, कुणा आईच्या पोटातून नव्हे. तो एकटाच मोळ्यांच्या मागं गेला. तिथून उसात एका माणसापुरती वाट निघाली होती. काळ्या ओल्या मातीवर चपलेचे ठसे आत गेलेले. डाव्या पायाचे काळे. उजव्या पायाचे पांढरे. त्यानं वाकून बोट लावलं. ज्वारीचं पीठ.

आपला पाय बघितला. स्वच्छ होता. ठशावर ठेवला, बरोबर बसला.

तो मागच्या पावली बांधावर आला, तेवढ्यात तानाजी बातमी घेऊन आला. शेजारच्या फडात मशीन उतरलंय, ह्यानंतर आपलाच नंबर. कोयते खाली ठेवून सगळी टोळी धुईत गोळा झाली. एकमेकांचे चेहरे धड दिसत नव्हते.

"मुकादम, आता कसं?" पंडित म्हणाला. "घरी जायचं का?"

अभिमन्यूनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या ओठावर ते आलं. "ठाऊक..."

"घाटनांदूरला फड धरलाय," ट्रॅक्टरपाशी कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं. आवाज अभिमन्यूचा होता. "चला, बसा समदे."

"बघा," वत्सलाबाई म्हणाली, "उत्तर तयार." आणि डबा उचलून चढली. मागोमाग कोयते, भांडी, पांघरुणं, माणसं. ट्रॅक्टर सुरू झाला.

"हायत का रेऽ" पुढून हाळी आली.

होकार आले. पंडितचा आला. मग बांधावरून आणखी एक आला.

"हो."

तोंडातून निघून गेल्यावर अभिमन्यूला कळलं, की तो आपलाच.

"त्यो बद्रीनाथ," ट्रॉलीतून पंडितचा आवाज आला. "त्याला घ्यायचा न्हाई का, मुकादम?"

"ऱ्हाऊ दे त्याला," पुढचा आवाज म्हणाला. "त्याचं आत काम हाय."

अभिमन्यू ओरडत ट्रॉलीच्या मागं धावला आणि पाटात पडला. पाटाला पाणी नव्हतं, चिखल होता.