खिळ्यावरची छागल

मी छागल बोलतेय. आगगाडीच्या खिडकीबाहेर लोंबकळताना तुम्ही मला कधीतरी पाहिलं असेल. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला लाकडी बूच, वर धरायला दोरी. आत पाणी भरून मला वाऱ्यावर टांगलं की पाणी गार होतं. माझं काम एवढंच, आणि तेही प्रवासातलं. घरातल्या पाण्याला माठ असतो. घरात माझा काही उपयोग नाही.

तरीसुद्धा माझ्या आयुष्याची सोळा वर्षं मी घरात काढली, एका खिळ्यावर.

माझा जन्म शिरूरचा. तिथल्या पेठेत सुभान नावाचा माणूस ताडपत्र्या शिवायचा. एकोणीसशे पन्नास साली त्यानं आपली थोरली लेक जन्नतबी दौंडला दिली. जावई मेहमूद तिथल्या लोकोशेडमध्ये फिटर होता. सुभानला केवढा अभिमान! त्यानं कोऱ्या कॅनव्हासमधून मला बेतलं, दुहेरी टाके घातले आणि निघताना लेकीच्या हातात दिलं.

"रेल्वेवाल्यांना पास असतो, पोरी. फुकाट हिंडशील साऱ्या मुलखात. पण एक ध्यानात ठेव. आदल्या दिशी हिला भिजत घालायची. कोरडी भरलीस तर गळंल. सूत फुगलं म्हंजी मग थेंब जायचा न्हाई."

"आन् हिंडायला न्हेलंच न्हाई तर?" जन्नतबीनं विचारलं.

सगळे हसले. नव्या नवरीनं असं बोलू नये म्हणून मावशीनं तिला हळूच चिमटा काढला. शिरूरला रेल्वे नाही. ती मोटारीनं दौंडला आली, आणि येताना तिनं मला मांडीवर धरलं होतं.

रेल्वेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. जन्नतबी भाकरी थापता थापता सांगायची, "ही मद्रासची. ही मालगाडी, लांबडी हाय." आवाजावरून तिला सगळ्या गाड्या ओळखू यायच्या. पण त्यांतल्या एकीतही ती कधी बसली नव्हती.

कारण होतं सासऱ्यांचं, गनीदादांचं. ते गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून रिटायर झालेले. रेल्वेच्या नोकराला वर्षाला मोजके पास मिळत. वर्ष संपलं की न घेतलेले पास बुडत. आणि गनीदादा ते कुणाला घेऊ देत नसत. तरुणपणी त्यांची आई सोलापूरला वारली, तेव्हा वर्षाचे पास संपलेले होते आणि खिशात तिकिटापुरते पैसे नव्हते. त्यांना मातीला पोचता आलं नाही. तेव्हापासून त्यांचं एकच ठरलेलं: "पास ऱ्हाऊ द्या. मयत-बियत झाली तर लागंल."

दु:ख मला कळतं. पण एका मेलेल्या माणसासाठी घरातल्या जिवंत माणसांना किती वर्षं खोलीत बसवायचं, हे मोठ्या माणसांना कुणी विचारत नाही. विचारलंच तर ते उद्धटपणात जमा होतं.

विचारलं ते रजियानं, जन्नतबीच्या थोरल्या मुलीनं. बासष्ट सालचा डिसेंबर होता. रजिया अकरा वर्षांची, धाकटी बेगम पाचाची. शाळेतली एक मुलगी पुण्याला जाऊन आली होती. पेशवे पार्कात लहान मुलांची आगगाडी आहे, तिचं नाव फुलराणी, हे तिनं वर्गात सांगितलं. रजियानं त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर बेत लिहून काढला आणि आईला वाचून दाखवला.

"सकाळच्या गाडीनं निघायचं. गाडीला पास. पुण्याच्या स्टेशनापास्नं बागेपोतर चालत, टांगा न्हाई. आधी वाघ, मग हत्ती, मग मोर. दुपारी झाडाखाली भाकरी. पाणी छागलीतलं. पैसे लागतील ते फक्त फुलराणीला. संध्याकाळच्या गाडीनं घरी."

"आन् मला बसू देत्याल का त्या बारक्या गाडीत?" जन्नतबीनं विचारलं.

"तुला कशाला बारकी? तुला मोठी हाय की, दौंडापास्नं पुण्यापोतर!"

जन्नतबी हसली. मग तिनं पदराच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसली. कसं कोण जाणे, पण त्या वर्षी मेहमूदनं वडिलांना राजी केलं. पास लिहून आला. आदल्या दुपारीच तिनं मला घंगाळात भिजत घातलं. माझा एकेक धागा फुगला. बारा वर्षांनी मला मी कोण आहे ते कळलं.

सकाळी फडक्यात भाकऱ्या, उकडलेली अंडी, कांदे बांधून झाले. जन्नतबीनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं. मला भरून दाराशी ठेवलं. आणि गनीदादा नमाजावरून उठून म्हणाले, "आज नगं जाऊ."

"का वो अब्बा?" मेहमूदनं विचारलं.

"सोलापुरास्नं कागद आलाय. चुलत्याला बरं न्हाई. आज पास वापरला आन् उद्या तार आली, तर काय करशील?"

"दादा," रजिया म्हणाली, "वरीस संपायला नऊ दिस ऱ्हायल्यात. नऊ दिसांत मरणार हायेत का त्ये?"

मेहमूदनं तिच्या तोंडावर हात दाबला. जन्नतबीनं फडकं सोडलं. दुपारी त्याच भाकऱ्या त्यांनी चुलीपुढं बसून खाल्ल्या. बेगमला काही उमगलं नव्हतं. ती विचारत राहिली, "अम्मी, पुणं आलं का?"

"आलं, उतरा," जन्नतबी म्हणाली आणि तिनं माझं बूच काढून सगळ्यांना पाणी दिलं. हिरवं लुगडं तिनं संध्याकाळपर्यंत बदललं नाही.

नऊ दिवसांत तार आली नाही. पास बुडला. सोलापूरचा चुलता पुढं पाच वर्षं जगला.

मी पुन्हा खिळ्यावर गेले. दर डिसेंबरात रजिया वही काढायची, दर डिसेंबरात गनीदादा मान हलवायचे. जन्नतबी म्हणायची, "फुडल्या सालाला." मला त्या शब्दाचा राग येतो. पुढच्या सालाची कधी कुणाला खात्री दिली आहे?

सहासष्ट साली जन्नतबीच्या पोटात दुखू लागलं. तिनं ते चार महिने कुणाला सांगितलं नाही. मग रेल्वेच्या डॉक्टरांनी पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. पास निघाला. गनीदादा म्हणाले, "बघा, ह्याच्यासाठीच राखत हुतो." रजियानं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

बेगमला शेजारच्या सगुणाबाईंकडं ठेवून बाकी सगळे निघाले, गनीदादासुद्धा. जन्नतबीनं मला भिजत घातलं, आणि हिरवं लुगडं नेसली.

अशी ती आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली. खिडकीशी. तिनं मला बाहेर टांगलं आणि दोरी हातात धरून ठेवली. वारा लागला, पाणी गार होत गेलं. वाटेत खुटबावजवळ शेतातली माणसं बघून तिनं हात हलवला, तशी त्यांनीही हलवला.

"बघितलंस का गं रजिया? त्यास्नी वाटलं, आपुन कुटंतरी हिंडाय निघालोय."

दवाखान्यात डॉक्टर मेहमूदला बाजूला घेऊन बोलले. तो बाहेर आला तेव्हा त्यानं कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. "लई उशीर केला म्हनले," एवढंच तो वडिलांना म्हणाला. ते रजियानं ऐकलं.

साडेबाराला आम्ही पुणे स्टेशनवर परत आलो. दौंडची गाडी पाचला होती.

"दादा, टांगा करू," रजिया म्हणाली. "घटकाभर बागेत बसू. अम्मीला हत्ती दाखवू आन् गाडीच्या वक्ताला माघारी येऊ."

"दवाखान्याला म्हनून आलो आन् बागंत हिंडायचं? इथं दौंडची धा मानसं उतरत्यात. कुनी बघितलं तर काय म्हनंल?"

"म्हनू द्या! साडेचार तास हायेत, दादा. पास हाय, दिस हाय, अम्मी हाय. आजून काय पायजे तुमास्नी?"

गनीदादा बाकावर बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मेहमूद वडिलांपुढं उभा होता. शेवटी जन्नतबीनंच रजियाचा हात ओढला. "ऱ्हाऊ दे गं. बरी झाले म्हंजी जाऊ. बेगमबी आसंल तवा."

साडेचार तास ती माणसं त्या बाकावर बसून राहिली. मी बाकाच्या हाताला टांगलेली होते. माझ्यातलं शेवटचं पाणी जन्नतबी प्यायली.

चाळिसाव्या दिवशी ती गेली. सासरचे आणि माहेरचे सगळे पोचले. कुणाला पास कमी पडला नाही.

पुढच्या डिसेंबरात गनीदादा आपणहून मेहमूदला म्हणाले, "पास काढ. पोरींना पुनं दाव." निघायच्या सकाळी त्यांनीच मला खिळ्यावरून काढलं, स्टेशनच्या नळावर काठोकाठ भरलं आणि खांद्याला अडकवलं. मी वर्षभराची वाळलेली. माझ्या अंगातून पाणी चहूकडून झिरपलं. त्यांचा सदरा भिजला, लेंगा भिजला. गाडी दिसायला लागली तेव्हा मी रिकामी होते.

"फाटली जनू," ते म्हणाले.

"फाटली न्हाई," रजिया म्हणाली. "वाळलीय. आदल्या दिशी भिजवाय लागती. अम्मीला ठावं हुतं."

गाडी आली. मेहमूद आणि मुली चढल्या. गनीदादा चढले नाहीत. "तुमी जावा," म्हणाले. रजियानं मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी ते मला घेऊन दौंडच्या फलाटावरच बसून राहिले. मी रिती झाले की उठायचे, नळावर जायचे, भरायचे. पुन्हा रिती झाले की पुन्हा. ओळखीच्या माणसांनी विचारलं, तरी ते नळाकडंच चालत राहिले. दुपारपर्यंत माझे धागे फुगत आले. गळणं कमी झालं, मग थांबलं.

संध्याकाळी गाडीतून बेगम उडी मारून उतरली. "दादा, मी फुलराणीत बसले! दोनदा! एकदा अम्मीच्या वाटचं!"

गनीदादांनी बूच काढून मला रजियापुढं धरलं. "पी. गार हाय."

तिनं मला हातात घेतलं आणि ती प्यायली. त्यांना क्षमा केली की नाही, मला ठाऊक नाही. तहान मात्र लागली होती.

आता रजिया पुण्यात कॉलेजला आहे. मी तिच्या खोलीत असते. माझा एक कोपरा विरला आहे. तिथं तिनं हिरव्या लुगड्याचा तुकडा लावला आहे. शनिवारी ती मला भिजत घालते, जायचं ठिकाण ठरलेलं नसलं तरी.

तुमच्याही घरात असा एखादा खिळा असेल. त्यावर काय टांगलंय, कुणासाठी, ते एकदा बघा. आणि ते माणूस अजून घरात भाकरी थापत असेल, तर ते उद्यावर ठेवू नका. आजच भिजत घाला.