टेबलावरची डबी

चुडामणनानांना शिबिराचा मनस्वी तिटकारा होता आणि शिबिरात पुढच्या खुर्चीत बसायची तितकीच मनस्वी हौस होती. ह्या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा धुळ्याला यावं आणि कचेरीतून निवृत्त झालेला एखादा हेडक्लार्क बघावा. खुर्ची गेली तरी बसायची सवय जात नाही.

नाना चर्चमधले सर्वांत जुने प्रसादसेवक. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी फादर वेदीवर गव्हाच्या पातळ गोल चकत्या, म्हणजे ओस्त्या, पवित्र करतात. त्याआधी ते नुसतं पीठ. त्यानंतर तो साक्षात ख्रिस्त. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना चर्चपर्यंत येणं होत नाही, त्यांच्यासाठी ती ओस्ती छोट्या डबीत घालून घरी न्यायची, हे सेवकाचं काम. नाना ते बावीस वर्षं करत होते आणि ते फक्त आपल्यालाच नीट जमतं अशी त्यांची बावीस वर्षांपासूनची खात्री होती.

तर यंदा फर्मान निघालं की धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या सगळ्या सेवकांनी तीन दिवसांचं 'सातत्यपूर्ण शिक्षण व आध्यात्मिक समृद्धी शिबिर' करायचं. जो करेल त्याला बिशपांचं सेवापत्र, जो करणार नाही त्याने घरी बसावं. शिवाय तिसऱ्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांच्या सेवकांचा एक प्रमुख जाहीर होणार होता. तो कोण, हे चर्चचे फादर नवीन यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नानांनी मात्र नवीन कोट शिवून घेतला होता.

मुंबईहून हितेंद्र सर आले. गालाला चिकटलेला माईक, पायात पांढरे बूट, आणि बोलणं असं की साधं 'पाणी द्या' म्हणायचं तरी आधी डोळे मिटून श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रंगीत कागद वाटले आणि विचारलं, "मित्रहो, तुमच्या सेवेचा रंग कोणता?"

अमळनेरच्या एका मास्तरने निळा लिहिला. पारोळ्याच्या दोघांनी त्याचं बघून निळाच लिहिला. नानांनी जांभळा लिहिला, कारण बिशपांचा रंग जांभळा. मागच्या रांगेत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आलेली जमना बसली होती. वय चाळिशीचं, शाळा चौथीपर्यंत, दिवसभर मजुरी आणि रविवारी पाड्यावरच्या तीस घरांची प्रार्थना. तिने कागद कोराच परत दिला.

"का हो ताई, रंग नाही सुचला?" सरांनी माईकमधून विचारलं.

"पावसाळामा चिखलना, उन्हाळामा धूळना," जमना म्हणाली. "कोनता लिखू?"

सगळे हसले. सर कसनुसे हसून म्हणाले, "किती सुंदर, किती मातीतलं!" नाना हसले नाहीत. शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "ह्यांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." खरं तर सरांबद्दलही त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं. उंटावरचा शहाणा, असं त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. नानांच्या तिरस्कारात एक गोष्ट मानायला हवी, त्यात जातपात नव्हती. तो सगळ्यांना सारखाच मिळायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रात्यक्षिक होतं. आजाऱ्याला प्रसाद कसा द्यायचा, बोटं कशी धरायची, काय म्हणायचं. त्यासाठी धर्मप्रांताने दोन डझन नव्याकोऱ्या पितळी डब्या पाठवल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. नानांनी स्वतः प्रत्येकीत साधी, अजून पवित्र न केलेली ओस्ती घातली आणि स्टेजजवळच्या लांब टेबलावर डाव्या बाजूला त्या ओळीने मांडल्या. उजव्या टोकाला समोश्यांची परात होती.

तेवढ्यात जमना आली. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला.

"नाना, गावथून फोन ऊना. पुन्या डोकरा जास्तच शे. प्रसाद मांगस. फादर तर नाशिकले गयात. तुम्ही काढी द्या, मी आतेच निंघस."

पुन्याआबा म्हणजे त्या पाड्यावरचा सर्वांत म्हातारा माणूस. मरताना देव तोंडात पडावा, एवढीच त्याची मागणी होती, आणि त्यात कोणाला जड वाटावं असं काही नव्हतं. नानांना मात्र जड वाटलं. पवित्र केलेल्या ओस्त्या चर्चमधल्या ज्या पेटीत कुलपात असतात, त्या पवित्र पेटीची चावी त्यांच्याकडे होती, आणि चावी ज्याच्याकडे असते त्याच्याकडे वेळ कधीच नसतो.

"आत्ताच बरं आठवलं ह्या म्हाताऱ्याला," ते पुटपुटले. "आणि तू निम्म्यातून गेलीस तर हजेरी भरणार नाही, पत्र मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"नही मिळनं तर नही. तो काय थांबनार शे?"

नाना कुरकुरत चर्चमध्ये गेले. पण तिथे गेल्यावर त्यांनी सगळं यथासांग केलं, हे नाकारता येणार नाही. हात धुतले, मेणबत्ती लावली, गुडघा टेकला, पेटी उघडली, नव्या डब्यांतलीच एक रिकामी करून तिच्यात पवित्र ओस्ती ठेवली आणि डबी छातीशी धरून हॉलमध्ये आले.

आणि दारातच सरांनी हाक मारली, "नाना! या, या! तुमच्याशिवाय फोटो कसला?"

मासिकासाठी फोटो काढायला माणूस आला होता. आता बोला! बावीस वर्षांची सेवा एका बाजूला आणि मासिकातला फोटो एका बाजूला. नानांनी डबी टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवली, समोश्यांच्या परातीला लागून. कोटाचं बटण लावलं. सरांनी खांद्यावर हात टाकून त्यांना टेबलाच्या डाव्या बाजूला ओढलं. फोटो निघाला. नानांनी हात लांबवला, हाताला आली ती डबी उचलली आणि जमनाच्या हातात दिली.

"नाना, पन..."

"पण नाही न् बिण नाही. बस चुकेल तुझी. चल, हो बाजूला, फोटोत येतेस." आणि हाताने तिला सारून नाना दुसऱ्या फोटोसाठी वळले. ह्या फोटोत ते हसले. सहसा हसत नसत.

जमना गेली. प्रात्यक्षिक रंगलं. कोणी आजारी झालं, कोणी सेवक झालं, अमळनेरच्या मास्तरने खोकून खोकून मरायचं इतकं हुबेहूब सोंग केलं की टाळ्या पडल्या. एकेका डबीतली ओस्ती एकेकाच्या तोंडात गेली. काही उरल्या त्या सरांनी चुरून खिडकीबाहेर चिमण्यांना टाकल्या. "काही नाही हो, नुसता गहू आहे," ते म्हणाले, आणि नानांनीही मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी त्यातला पहिला फोटो ग्रुपवर आला. नानांनी चष्मा पुसला, बोटांनी फोटो मोठा केला. आधी कोट पाहिला. बरा दिसत होता. मग पोट पाहिलं, ते जरा जास्त दिसत होतं. मग सहज नजर टेबलावर गेली.

डावीकडे डब्यांची ओळ. उजवीकडे परात आणि परातीला लागून एकटीच एक डबी. आणि नाना स्वतः उभे डावीकडे, ओळीजवळ. परातीजवळची डबी घ्यायची तर सरांना ओलांडून जावं लागलं असतं. ओलांडल्याचं आठवेना. आठवणार कसं? ओलांडलंच नव्हतं.

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या जिभेवर आपण पिठाची चकती पाठवली. आणि खरा देव? तो परातीजवळ राहिला, प्रात्यक्षिकात कोणाच्या तरी तोंडात गेला, टाळ्या पडत असताना. नाही तर चिमण्यांना.

आता शहाणा माणूस काय करेल? फादर नवीन रात्रीच परतले होते, समोर बसून चहा पीत होते. उठून चार पावलं जायचं, 'फादर, माझ्या हातून असं झालं' म्हणायचं. नाना उठलेसुद्धा. पण फादरांच्या हातात बिशपांच्या शिक्क्याचा लिफाफा होता. नाना पुन्हा बसले. बावीस वर्षं ज्याने भल्याभल्यांच्या चुका काढल्या, त्याला एक स्वतःची सांगता येईना. पक्का भित्रा, दुसरं काय.

दहा वाजता नाव जाहीर झालं. चुडामणनाना, सेवकप्रमुख, धुळे व जळगाव. शाल, श्रीफळ, टाळ्या. सरांनी डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाले, "नाना म्हणजे जागरूकता." नानांनी खाली बघून नमस्कार केला. प्रमुखाचं पहिलं काम म्हणून हजेरीचं रजिस्टर त्यांच्यापुढे आलं. जमनाच्या नावापुढे त्यांनी 'शिबिर अपूर्ण, पत्र देऊ नये' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. सवयीचा गुण.

मग मात्र त्यांच्याने राहवेना. म्हातारा अजून जिवंत असला तर? पवित्र पेटी उघडून त्यांनी एक ओस्ती डबीत घेतली. ह्या वेळी डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. जेवण न करता शिरपूरची बस धरली, पुढे काळीपिवळी जीप, आणि शेवटचे दोन मैल पायी. नवीन बूट चावत होते. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते तीनदा घोकलं. देवाची भीती किती आणि कोणाला कळेल ह्याची किती, हे त्यांनी मोजलं नाही. मोजलं असतं तर हिशेब काही शोभेसा निघाला नसता.

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुन्याआबाच्या झोपडीपुढे माणसं बसली होती, बाया भांडी घासत होत्या, आणि पलीकडच्या टेकाडावर ओल्या मातीचा नवा ढीग दिसत होता. विचारायची गरज नव्हती. म्हातारा सकाळीच गेला होता, दुपारी पुरला होता.

जमना भांड्यांपाशीच होती. राखेचे हात घेऊन उठली. "नाना? तुम्ही? इतला लांब?"

नाना तिला बाजूला घेऊन गेले. घोकलेलं सगळं विसरलं. "जमना, माझ्या हातून पाप झालं. मी तुला दिली ती डबी चुकीची होती. म्हातारा उपाशी गेला. नुसतं पीठ खाऊन गेला. माझ्यामुळे." आणि त्यांना रडू आलं, खरंखुरं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर.

जमनाने त्यांना रडू दिलं. मग लुगड्याला हात पुसत म्हणाली, "माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही खोटी डबी उचली ते. मी उभीच व्हती ना तठे? तुम्ही दुसरा फोटोले वळनात, तवय मी ती ओळीमा ठी दिधी आनि परातजवळनी उचली लिधी. डोकरानी खरा देव खादा. समाधानमा गया."

नानांच्या छातीवरचा दगड उतरला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. "मग तू तेव्हाच बोलली का नाहीस? कालपासून, अगं, सकाळपासून माझा जीव..."

"बोलालेच जाई ऱ्हायंती. तुम्ही बोलू दिधं का?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नानांना बरं वाटलं असतं. एखाद्या पोराने पुन्हा चड्डी ओली केली असं आई शेजारणीला सांगते, तशी ती सांगत होती. "आनि तुमले सांगीसन काय व्हतं? तुम्ही मालेच वरडतात, मनी बस चुकती. ते परीस बदली लिधी, बरं."

नानांनी डोळे पुसले.

"खिसामा काय शे?" जमनाने विचारलं. नानांचा हात नकळत छातीवर गेला होता.

"प्रसाद. पुन्याआबासाठी आणला होता."

"मंग भिकुबाईले देऊत. डोकरानी बाई. दोन दिवसथून तिना पोटमा काही नही, नुसती भितीकडे तोंड करी पडेल शे. द्या माले."

नाना घुटमळले. जिच्याकडे सेवापत्र नाही तिने प्रसाद द्यायचा नाही, हा नियम होता. आणि पत्र देऊ नये, हे कालपरवा नव्हे, आज सकाळी ह्याच हाताने लिहिलं होतं. "मीच देतो की," ते म्हणाले. "मी आलोच आहे तर."

"ती तुमले वळखस का? परका माणूस देखीसन तोंड नही उघाडनार." जमनाने राख धुतली, हात पदराला कोरडे केले आणि दोन्ही तळवे जोडून पुढे केले. दारात बसलेली माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी आतून मेणबत्ती आणली.

नानांनी बटण काढलं, डबी बाहेर काढली आणि तिच्या हातावर ठेवायला गेले. जमनाने हात मागे घेतले.

"आधी उघाडीसन देखा, नाना," ती म्हणाली. "मंग द्या."

सगळा पाडा बघत होता. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सेवकप्रमुखाने डबी उघडली, आत पाहिलं, आणि दिली.