दोन बोटांची जागा

आश्विनातलं धुकं डोंगरावरून उठता उठत नव्हतं. तांबड्या मातीच्या वाटांवर, जांभळीच्या काळवंडलेल्या बुंध्यांवर, बंद बंगल्यांच्या शेवाळलेल्या कौलांवर ते शुभ्र, आर्द्र, निःशब्द पसरलं होतं. पाऊस सरला होता आणि ऊन अजून आलं नव्हतं. त्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या दिवसांत डोंगर आजाऱ्यासारखा पडून होता.

त्या धुक्यातच दसरा उजाडला. मोटारी जिथवर पोचत नाहीत अशा त्या थंड हवेच्या गावात माणसं घोड्यांच्या पाठीवर जगतात, आणि दसऱ्याला तिथं घोडे पूजतात. घराघरापुढं आयाळी धुतल्या जात होत्या, खुरांना तेल लागत होतं, झेंडूच्या केशरी माळा ओल्या मानांवर पडत होत्या. आणि प्रत्येक घोड्याच्या तोंडावर नवी नाकपट्टी चढत होती. जुनी पट्टी दसऱ्याला उतरवायची, नवी बांधायची, ही तिथली रीत.

कोंडिबा आखाड्यांच्या अंगणात माळ एकच होती, आणि ती निरोपाची होती.

तिथं जांभळ्या उभा होता. पिकल्या जांभळाच्या रंगाचा, उन्हात निळसर झाक मारणारा, उंच मानेचा घोडा. त्याला धूत होती ती भागीरथी, गावाची भागू. तिच्या आबांनी, कोंडिबा आखाड्यांनी, त्याला शिंगरू असताना खांद्यावर घालून घाट चढवला होता. आबा गेल्या वर्षीच्या श्रावणात गेले. मागं राहिली एक मुलगी, एक घोडा, आणि खुंटीवर आबांची जुनी नाकपट्टी.

आबांनी तिला पुष्कळ शिकवलं, पण सगळ्याआधी शिकवली ती नाकपट्टी. रुंद घे, बारीक पट्टी रुतते. गालाच्या हाडाखाली बांध, नाकाच्या मऊ भागावर नको, तिथं श्वास कोंडतो. आणि हाडावर पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. सैल राहिली, तर घोडा तोंड उघडून लगाम चुकवतो. आवळली तर काय, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या हातून ती कधी आवळली गेलीच नव्हती.

भागूनं ती दोन बोटं व्रतासारखी पाळली. आबा गेल्यावर पहिल्याच दसऱ्याला तिनं पितळी फुलांची, बारीक, देखणी पट्टी घेतली, कारण फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना सजलेला घोडा आवडतो. रोज सकाळी पट्टी बांधावी, रोज सकाळी दोन बोटं घालून पाहावीत. बोटं जात. तिचा जीव निवांत होई.

जांभळ्याचा मात्र होत नव्हता. तो मान झटकू लागला, दात खाऊ लागला, वैरण अर्धी टाकू लागला. मग त्याच्या नाकावर, त्या निळ्याकाळ्या लवेत, पांढरे केस उगवले. धन्यासाठी झुरतोय बिचारा, गाव म्हणालं. दुःखानं पिकला.

भागूला ते पटलं. खरं सांगायचं तर ते तिला बरं वाटलं. रिकाम्या घरात आबांसाठी रडणारी ती एकटी नव्हती. संध्याकाळी ती त्या पांढऱ्या केसांवर गाल टेकवी, आणि दोघांचं एकच दुःख आहे असं समजून शांत होई.

वैशाखात कड्याजवळच्या वाटेवर जांभळ्या अचानक दोन पायांवर उभा राहिला. पाठीवरची पाहुणी पडली, तिचा हात मोडला. गावातले सगळे घोडेवाले देवळापुढं बसले. स्वाराला पाडणारा घोडा डोंगरावर राहत नाही, हा त्यांचा शिरस्ता. दसऱ्यापर्यंतची मुदत मिळाली, तीही आबांच्या नावाखातर.

पावसाळाभर जांभळ्या मोकळ्या तोंडानं गोठ्यात उभा होता. ना पट्टी, ना लगाम. तेव्हा तो शहाण्यासारखा वागला. वैरण संपवायचा, डोळे मिटून उभा राहायचा. त्याचं दुःख ओसरलं, असं भागूला वाटलं. तिचं ओसरलं नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा हेवाही वाटला.

आता ती त्याची शेवटची पट्टी निवडत होती. खाली वीटभट्टीच्या गाडीला तो जुंपला जाणार होता. तिथं पितळी फुलं कोण पाहतो? तिनं रुंद कातड्याची, आतून नमद्याच्या जाड लोकरीची मऊ पट्टी घेतली. गालाच्या हाडाखाली बसवली. दोन बोटं घातली आणि कातडं बोटांना टेकेपर्यंत ओढलं. जांभळ्यानं मान झटकली. पावसाळाभरात पहिल्यांदा.

"पुन्हा आठवण आली रं तुला?" ती त्याच्या कानाशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

फाटकातून नजीरभाई आला. भट्ट्यांना जनावरं पुरवणारा, आबांच्या वयाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं घोड्याच्या गळ्यावर हात ठेवला, मग सवयीनं पट्टीखाली बोटं सरकवली. ती शिरेनात.

"आवळलीस गं पोरी."

"न्हाई चाचा. दोन बोटांची जागा हाय. आबांनीच शिकवलंय."

नजीरभाईनं तिचा हात हातात घेऊन पाहिला. शेवग्याच्या कोवळ्या शेंगांसारखी तिची बोटं होती. त्याची स्वतःची, उभा जन्म दोर ओढून, आल्याच्या गड्ड्यांसारखी झालेली.

"कोंडिबाची बोटं माझ्यापेक्षा जाड होती," तो हळूच म्हणाला.

त्यानं पट्टी एक भोक सैल केली. मग आणखी एक. जांभळ्यानं जबडा हलवला, जीभ फिरवली, चघळल्यासारखं केलं, आणि एक दीर्घ, उष्ण, ओला उसासा टाकून मान खाली घातली. भागूच्या खांद्यावर त्याचं डोकं आलं. असं ते आबांच्या वेळी येत असे.

ती घरात धावली. खुंटीवरची आबांची पट्टी काढून उजेडात धरली. एक भोक वापरून वापरून लांबट झालं होतं. बाहेर येऊन तिनं ती जांभळ्याच्या तोंडावरच्या नव्या पट्टीशेजारी धरली. भागूनं बांधलेलं भोक आबांच्या भोकापेक्षा दोन भोकं अधिक घट्ट होतं.

म्हणजे तो झुरत नव्हता. त्याला दुखत होतं. वर्षभर ती ज्यावर गाल टेकवून रडली, ते पांढरे केस दुःखाचे नव्हते, तिच्या पट्टीचे होते. घोड्याला तोंड उघडता येऊ नये म्हणून बांधायची ती पट्टी, आणि त्यानं तोंड उघडून सांगायचं तरी कसं?

"चाचा, त्यानं न्हाई पाडलं तिला. म्या पाडलं."

"असेल. पण आता वर त्याच्या पाठीवर कोण बसणार, पोरी? वाट बघून बघून उपाशी मरेल तो. तू पण." तो खाली बघत होता. "पट्टी मी अशीच ठेवीन. कोंडिबाच्या मापाची."

भागूनं कासरा त्याच्या हाती दिला. नको जाऊ, असं तिला म्हणायचं होतं. माफ कर, असंही. 

तांबड्या उतारावर खुरांचा आवाज लांबत गेला. धुक्यानं आधी त्याचे पाय घेतले, मग पाठ, मग झेंडूची माळ. वळणावर जांभळ्यानं एकदाच मान वळवली. सैल पट्टी जरा खाली सरकली होती, आणि तिच्या वर ती पांढऱ्या केसांची रेघ दिसत होती, नाकाभोवती घट्ट, भागूच्या बोटांच्या मापाची. मग तीही धुक्यात गेली, पांढऱ्यात पांढरी.