नवारीने बांधलेली फटफटी

मी ट्रेलर आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्यावर कोंबड्या बसतात. ट्रेलर म्हणजे दोन चाकांचा असा गाडा, जो आपणहून कुठेच जात नाही, पण दुसऱ्याच्या मागे कुठेही जातो. मित्रांनो, असा स्वभाव असला की आयुष्यात फारसे दुःख होत नाही. मला तरी झाल्याचे आठवत नाही.

माझा जन्म नागपुरात, लकडगंजला झाला. नत्थूजी सुतारांनी सागवानी फळ्या घेतल्या, एका मेलेल्या मोटारीची आस आणि चाके घेतली, आणि मी झालो. माझे मालक दादाजी. त्यांच्या लॉरीमागे लागून मी नरखेडकडची संत्री आणत असे. सात वर्षे आणली. एकही खाल्ले नाही.

मग दादाजींनी कुठल्याशा प्रदर्शनात ‘मौत का कुआँ’ पाहिला. म्हणजे फळ्यांची एक गोल, उभी विहीर. आतल्या भिंतीवरून एक माणूस फटफटी फिरवतो आणि लोक वरून डोकावतात. दादाजी घरी परतले ते संत्री सोडूनच.

“काहून गा दादाजी, चांगला धंदा सोडून राहिले?” नत्थूजींनी विचारले.

“संत्रं चार दिवसांत नासते,” दादाजी म्हणाले. “लोकायची भीती नासत नाही.”

फळ्यांची विहीर लॉरीत आणि फटफटी माझ्यावर, अशी वाटणी झाली. फटफटी चालवायला रुपराव मिळाले. ते आधी सायकलवरून दूध वाटायचे आणि त्यांनी कधी थेंब सांडला नव्हता, एवढ्यावर त्यांची निवड झाली.

फटफटी न्यायची कशी हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. दादाजींचे मत, प्रवासात पडून राहिलेले बरे. म्हणून तिला माझ्यात तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, आडवी निजवली. पेट्रोल गळले, तणस भिजले, आणि काटोलपर्यंत कोणाला बिडी ओढता आली नाही. पुढच्या खेपेला तिला उभी केली आणि हँडलमधून वेसणीसारखा एक दोर घालून बैलासारखी बांधली. खड्डा आला की बैल पाय रोवतो. फटफटीला ते सुचत नाही. ती रस्ताभर माझ्या कडेवर आदळत राहिली आणि तिच्या पुढच्या चाकाचा चिमटा बोटभर वाकला. सहज दिसेल असा नव्हता.

त्याच दिवशी खेळाच्या तिसऱ्या फेऱ्यात रुपराव वरून खाली पडले. लोकांना वाटले खेळातलेच आहे. टाळ्या पडल्या. एकाने पुन्हा एकदा पडायला सांगितले.

तीन महिने ते खाटेवर होते. तेवढ्या दिवसांत वाकलेला चिमटा सगळ्यांना कळला आणि सरळ करून घेतला. खाट त्यांच्या बायकोच्या, जिजाबाईंच्या आईने लग्नात दिलेली. विणलेली पांढऱ्या नवारीने, म्हणजे रुंद सुती पट्टीने; काठ लाल. तीन महिन्यांनी उठले आणि म्हणाले, “एकदम बरा झालो.”

हे खोटे होते, आणि ते फक्त मला ठाऊक होते. एका दुपारी ते माझ्या कडेला टेकून एकटेच बसले. जळती बिडी त्यांनी डाव्या करंगळीला लावली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. करंगळीने काही कळवले नाही. मग शेजारचे बोट. त्यानेही नाही. विझलेली बिडी माझ्या फळीवर ठेवून ते जेवायला गेले.

मित्रांनो, दहा हात उंच भिंतीवर त्या हाताने हँडल धरायचे होते. मी सांगितले असते. पण मी ट्रेलर आहे.

“अवो, सोडून द्या न हे,” जिजाबाई त्यांना म्हणाल्या.

“मंग काय करू? दूध वाटू?”

“वाटा.”

“आता हजार लोक मले पाहतात वं. दूध वाटताना तं म्हशीनंबी पाहिलं नाही.”

त्या दिवसापासून जिजाबाईंचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्या दादाजींना, लॉरीला आणि मला घेऊन लकडगंजला गेल्या आणि नत्थूजींना म्हणाल्या, “फटफटी इथून जशी निघन, तशीच तिथं उतरली पायजे. बाकी मले काही समजत नाही.”

नत्थूजी माझ्याभोवती दोनदा फिरले. “बैल स्वतः उभा रायते,” ते म्हणाले. “हिले उभी ठेवा लागन.”

मग त्यांनी माझ्या तळाला पुढच्या बाजूने एक जाड लाकडी खाच ठोकली, पुढचे चाक आत घट्ट बसेल अशी. खाच कुठे ठोकायची यावर सकाळ गेली. फटफटीचे वजन माझ्या आसेच्या किंचित पुढे पडायला हवे. मागे पडले तर माझे शेपूट जड होते आणि मी रस्त्यावर झिंगतो. चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या आल्या. चढवायला एक फळी आली, चाक घसरू नये म्हणून वर काथ्या ठोकलेली. हँडलपासून दोन पट्टे पुढे, खाली ओढायचे, चिमट्याची स्प्रिंग थोडी दबेपर्यंत; दोन पट्टे मागून. म्हणजे फटफटी आणि मी खड्ड्यात एकत्र उडणार.

“फक्त दोर नाही चालत,” नत्थूजी म्हणाले. “घासते, सैल होते. रुंद पट्टा पायजे. कुठं भेटन असा?”

जिजाबाई उठून घरी गेल्या. तासाभराने आल्या तेव्हा त्यांच्या काखेत नवारीचा गुंडाळा होता.

“अवं, अन् खाट?” दादाजींनी विचारले.

“उभी हाये. भिंतीले टेकून.”

परीक्षाही झाली. दादाजींना माझ्यावर, बांधलेल्या फटफटीवर बसवले आणि हातात ताकाचा काठोकाठ भरलेला पेला दिला. लॉरी कामठीला जाऊन आली. पेला अर्धा होता. सगळ्यांची तोंडे उतरली.

“सांडलं नाही गा,” दादाजी म्हणाले. “प्यालो. ऊन लागून राहिलं होतं.”

मग माझे चांगले दिवस आले. गावोगाव लोक जमायचे. एका गावात ताठ उभी फटफटी आणि लाल काठाचे पट्टे पाहून लोकांना वाटले, देवच आला. त्यांनी हळद-कुंकू वाहिले आणि माझ्या खाचेवर नारळ फोडला. खाचेला चीर गेली. हा माझा सर्वांत मोठा सन्मान.

प्रत्येक मुक्कामावर जिजाबाई लॉरीतून उतरत. चारही पट्टे अंगठ्याने तीन-तीन ठिकाणी दाबून पाहत. पहिल्या दोन-चार मैलांत पट्टा सैल पडतो, म्हणून निघाल्यावर लगेच एकदा थांबवत. रुपराव चिडवायचे. “अवं, हिले एवढं बांधतेस. मले कधी बांधलं नाही.”

“तुमी कधी थांबले असते तं बांधलं असतं.”

त्यांच्या घरी दोघे चटईवर झोपत होते. आणि अधूनमधून, कोणी नसताना, रुपराव माझ्यापाशी बिडी घेऊन बसत. दोन बोटांची तीन झाली. तिसऱ्या वर्षी चार. मी मोजत होतो. मला दुसरे काही काम नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासे झाले. जे मिळे ते फटफटीला लागे. लॉरीच्या बाजूला दादाजींनी कोळशाची भट्टी बसवली. तिच्या धुरावर लॉरी चाले, म्हणजे बैलगाडीला वाट देत देत चाले. अशीच नरखेडला जाताना एका उतारावर मला लॉरीला जोडणाऱ्या आकड्याचा खिळा तुटला. लॉरी पुढे गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कुठेतरी गेलो. रस्ता सोडला, धुरा म्हणजे शेताचा बांध ओलांडला, आणि एका संत्र्याच्या बागेत झाडाला टेकून थांबलो. लॉरीतल्या लोकांना हे मैलभराने कळले.

ते मागे आले तेव्हा फटफटी माझ्यावर जशीच्या तशी उभी होती. सीटवर एक संत्रे पडले होते.

दादाजी नाचले. रुपराव लॉरीला हात टेकून हसत होते. “पाहा वं, तुह्या नवारीनं तं—”

तेवढ्यात जळाल्याचा वास आला. दादाजी फटफटीच्या तारा पाहायला धावले. रुपरावही तिकडेच पाहत होते.

जिजाबाई त्यांच्या हाताकडे पाहत होत्या. त्यांचा डावा तळहात तापलेल्या भट्टीवर होता.

“अवो, हात उचला.”

रुपरावांनी खाली पाहिले. हात उचलला. कातडी थोडी मागे राहिली.

“कधीपासून?” जिजाबाईंनी विचारले.

“पडलो तवापासून.”

मित्रांनो, मला वाटले आता रडारड होईल. जिजाबाई माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पहिला पट्टा सोडायला घेतला.

“अवं बाई, उद्या खेळ हाये!” दादाजी ओरडले.

“न्या न फटफटी,” जिजाबाई म्हणाल्या. “नवार माही हाये.”

चारही पट्टे काढून त्यांनी ते नीट गुंडाळले. फटफटी उतरवून बागवाल्याच्या कोठ्यात ठेवली. नवारीशिवाय ती न्यायची हिंमत दादाजींनाही झाली नाही.

आता मी रुपरावांच्या अंगणात आहे. दादाजी पुन्हा संत्र्यांकडे वळले, त्यांनी मोठा गाडा घेतला. माझ्या खाचेत एक कोंबडी अंडी घालते. घट्ट बसते, हलत नाही. फटफटी बांधायला तुम्ही मला न्याल तर चाक खाचेत बसवा, पट्टे खाली ओढा, दोन मैलांवर थांबून पुन्हा पाहा. आणि पाहून झाले की चालवणाऱ्यालाही एकदा पाहा. इतकी वर्षे आम्ही सगळ्यांनी फटफटी तपासली. माणूस कोणी तपासला नाही.

परत आल्यावर त्या दोघांनी इथे, माझ्यासमोरच खाट विणली. रुपराव एका हाताने नवार ओवत होते, जिजाबाई ओढत होत्या. विणून झाल्यावर जिजाबाईंनी अंगठ्याने तीन ठिकाणी दाबून पाहिले. मग रुपरावांचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट तसेच दाबले.

“लागते काय?”

“नाही.”

“हे?”

“नाही.”

“हे?”

“नाही वं.”

त्या रोज विचारतात. मी रोज मोजतो.