पायाळू

फाट्यावर एस.टी. थांबली, तेव्हा कंडक्टरनं प्रभावतीच्या मागं वाकून पाहिलं. मागं कोणीच उठेना.

"संगं कोन हाये व तुह्या?"

"कोनीच नाही. मीच माह्या संगं," असं म्हणून तिनं टुणकन उडी मारली आणि खाली उतरली.

बाभुळगावची ही पोरगी सुटीत राळेगावला आत्याकडे आली होती. अजिंठा, सांची, बुद्धगया, सगळीकडे एकटीनं जायचं असा तिचा बेत होता. भूगोलाच्या नकाशावर तिनं तसे पेन्सिलीचे गोलही काढून ठेवले होते. पण पहिलंच ठिकाण नकाशात नव्हतं. ते आत्यानं सांगितलं होतं. फाट्यापासून आत टेकडी, टेकडीत जुनं लेणं आणि लेण्यात मांडी घालून बसलेला दगड. आत्या म्हणाली होती, "लोक त्याले शेंदूर लावतात. पन मले तं तो आपला बुद्धच वाटते."

ते खरं की खोटं, हे आज, वैशाखी पौर्णिमेलाच पाहायचं होतं. पांढरं पातळ नेसून, पिशवीत मेणबत्त्या, उदबत्त्या आणि काड्यापेटी घेऊन ती निघाली. मेणबत्ती लावल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा होता. विहिरीवर आरशांच्या चोळीतली एक बाई पाणी ओढत होती. ती रामीबाई, तांड्याच्या नायकाची बायको.

"आव छोरी, बस. ऊन किती झालं! भाकर खा, पानी पे."

"नाही मावशी. वर लेण्यात मेणबत्ती लावल्याबिगर मी काई खात नाही."

"एकटीच चालली? भेव नाही लागत?"

"कायचं भेव?" प्रभावती हसली. "मी पायाळू हाये, मावशी! माय म्हन्ते, पायाकडून जन्मली म्हनून हिचे पाय घरात टिकतच नाही."

रामीबाईचा दोरावरचा हात थांबला. प्रभावतीनं ते पाहिलंच नाही. ती पळसाच्या झाडांमधून भराभरा टेकडी चढायलाही लागली होती.

लेण्याचं तोंड इतकं बुटकं होतं की वाकून आत जावं लागलं. आत गारवा होता आणि वटवाघळांचा उग्र वास. डोळे अंधाराला सरावले तेव्हा समोर तो दिसला. अंगावर शेंदराचे थरावर थर चढलेले, नाक-कान हरवलेले, पण डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला. उजवा मनगटापासून तुटलेला, आणि तुटलेली जागा अजून पांढरी, ताजी. पुढ्यात अर्धवट बुजवलेला खड्डा.

आत्याचं खरं होतं, प्रभावतीला पटलं. तिनं मेणबत्ती काढली, हात जोडले आणि हळूच म्हणू लागली, "बुद्धं सरणं गच्छामि..."

तेवढ्यात उजेड गेला. लेण्याच्या तोंडाशी माणसं उभी होती.

"मंतर बंद कर!"

हा देवसिंग, नायकाचा पुतण्या. त्याच्या हातात काठी होती. त्याच्या मागून पांढऱ्या पागोट्याचा शंकरसिंग नायक वाकून आत आला, आणि त्याच्या मागं रामीबाई. बाहेरही कुजबुज ऐकू येत होती. बाहेर पडायला वाट ती एकच होती.

देवसिंगनं पिशवी उपडी केली. "पाह्य काका! मेणबत्ती, उदबत्ती. मांगच्या वक्ती बी हेच सामान होतं."

"कोनं धाडलं तुले?" नायकानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

"कोनीच नाही. मी दर्शनाले आली."

"होळीच्या आंधी बी काही लोक दर्शनालेच आलते. एक पायाळू पोट्टं आनलं होतं. पायाळूले जमिनीतलं धन दिसते म्हनतात. रातभर खंदलं, देवाचा हात तोडला. माह्ये बैल मेले त्याच्यानंतर. बैलाचं जाऊ दे. त्या पोट्ट्याचं काय केलं त्याईनं, आजवर समजलं नाही."

विहिरीवर आपण काय बोलून बसलो, ते प्रभावतीला आत्ता कळलं.

"मी... ते तं मी गमतीनं बोलली."

"मंग पायाळू नाहीस?"

खोटं बोलता येईना. "हाये. पन..."

नायकानं मूर्तीच्या खांद्यावरचा ओला शेंदूर बोटावर घेतला. "धन काढनारा ह्या देवाचा शेंदूर कपायले लावत नाही. त्याचं काम फसते. लाव, पाया पड आनि जाय आपल्या घरी. नाही तं पोलीस पाटील येईपर्यंत कोंडवाड्यात राह्य."

शेंदराचं बोट तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर आलं.

एक ठिपका तर लावायचा. कोण पाहतंय? फाट्यावर पदरानं पुसून टाकला की झालं. संध्याकाळची एस.टी. मिळेल, बापाला काही कळणारही नाही. प्रभावतीचं कपाळ जरासं पुढंही झालं.

आणि मग तिला नागपूरचं ते धम्मदीक्षेचं मैदान आठवलं. बापाच्या खांद्यावर बसून तिनं एकेक प्रतिज्ञा बापापेक्षाही मोठ्यानं म्हटली होती. देवाची पूजा करणार नाही, हीसुद्धा. अर्थ कळायचं वय नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि तो ह्याच तोंडानं.

ती मागं सरकली. पाठ दगडाला टेकली.

"नाही लावनार. मी वचन देल्लं हाये. कोंडा मले."

"पाह्यलं?" देवसिंग ओरडला. "कोन्या जातीची हायेस व तू?"

"जात नाही मले. बौद्ध हावो."

"म्हंजे गावाबाहेरचे!"

"तुमचा तांडा कोन्या गावाच्या मधात हाये?"

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. देवसिंगनं काठी आपटली, पण नायकाचं बोट तसंच हवेत राहिलं.

रामीबाई पुटपुटली, "माहं मन कायनं भेलं, सांगू? उपाशी हाये ते. धन काढनारा काम होईपर्यंत खात नाही. मी भाकर देल्ली तं नाही म्हने."

प्रभावतीनं तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या न पेटलेल्या मेणबत्तीकडे. प्रतिज्ञा सगळ्यांसमोर केली होती. उपासाचं तर सकाळी एकटीनंच ठरवलं होतं. तो मोडायचा म्हटलं तर डोळ्यांत पाणी येत होतं, पण तो तिचा होता, तिला मोडता येत होता.

"मावशी, भाकर आना. इथंच खातो. सगळ्याइच्या समोर."

रामीबाई खाली गेली. ती येईपर्यंत देवसिंग दारातून हलला नाही आणि नायकानं बोटावरचा शेंदूर पुसला नाही. मग भाकर आली, वर तिखटाचा गोळा, आणि पाण्याचा लोटा.

प्रभावतीनं घास मोडला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. कोरड्या घशातून घास उतरेना, ठसका लागला. वरून ओतलेलं पाणी घ्यायला तिनं सवयीनं ओंजळ पुढं केली. रामीबाईनं लोटाच तिच्या हातात दिला.

"तोंडाले लाव, याडी, माह्ये माय. ठसका लागून मरशील."

ती घटाघट प्यायली. दुसरा घास घेतला, मग तिसरा. खरंच इतकी भूक लागली होती की तिखटानं नाक गळायला लागलं, तरी ती थांबेना.

"काका," देवसिंग हळूच म्हणाला, "हे तं सारीच भाकर खाऊन राह्यली."

नायकानं आपल्या शेंदराच्या बोटाकडे पाहिलं. मग ते बोट त्यानं स्वतःच्याच कपाळावर पुसलं आणि देवसिंगला दारातून बाजूला केलं. लेण्यात पुन्हा उजेड आला.

"लाव तुही बत्ती. आनि आइंदा येशील तं जेवून येत जाय."

प्रभावतीनं काडी ओढली. पहिली विझली. दुसरी पेटली ती रामीबाईनं ओंजळीचा आडोसा धरला म्हणून.