घसरगुंडीतला उंचवटा

घसरगुंड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे काळजीबाई म्हणत. मागून नाही, तोंडावर म्हणत, आणि तीही ओ द्यायची. नाव पडायला कारणही तसंच होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून तिला कुठल्याही वस्तूचं आधी टोक दिसायचं आणि मग वस्तू दिसायची. टेबलाचा कोपरा, खिडकीची कडी, खुर्चीतून अर्धवट वर आलेला स्क्रू. कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी तिने चहाच्या किटलीची लोंबणारी वायर टेबलामागे सारून ठेवली, तेव्हा साचेवाले काका म्हणाले होते, "ताई, इथे रांगणारं कुणी नाही हो."

"तुम्हीच बघा ना, कालच अडखळलात," ती म्हणाली होती.

आज मात्र तिची नजर अडकली होती ती वायरीत नाही, पडद्यावरच्या एका रेषेत.

कामाची रीत अशी होती. घसरगुंडी बाजूने पाहिली की जी रेघ दिसते, ती आधी कॉम्प्युटरवर काढायची. वरपासून खालपर्यंत काही ठिकाणच्या उंच्या द्यायच्या, की गणिताचं सॉफ्टवेअर त्या सगळ्या बिंदूंमधून एक सलग वळणदार रेषा काढून देई. ती रेषा कापायच्या मशीनला द्यायची, मशीन फोमच्या ठोकळ्यातून साचा कोरणार, आणि साच्यावर फायबर चढलं की घसरगुंडी तयार. हे रेषेचं काम इतकी वर्षं मास्तर करत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आकडेमोडीतलं सगळं त्यांना यायचं म्हणून तसं नाव पडलेलं. ते आता दुसऱ्या कंपनीत गेले होते आणि त्यांची खुर्ची, त्यांचा कॉम्प्युटर आणि त्यांची फाइल काळजीबाईच्या वाट्याला आली होती.

"वरच्या ओळीतले आकडे बदलायचे आणि चालवायची," जाताना मास्तरांनी सांगितलं होतं. "आत काय लिहिलंय त्यात डोकं घालू नकोस. कशाला उगाच!"

तिने डोकं घातलं नव्हतं. पाळणाघरासाठी छोटी घसरगुंडी हवी होती, अगदी चिमुकल्यांची. तिने उंच्या भरल्या, फाइल चालवली आणि रेषा आली. वरून छान उतरली, आणि खाली जिथे उतार संपून सपाट पट्टी सुरू होते तिथे जराशी खाली गेली, मग जराशी वर आली, आणि मग सपाट झाली. जराशी म्हणजे किती, तर करंगळीच्या जाडीइतकी.

दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. तिला मात्र लगेच दिसलं ते, की वेगाने खाली येणारं पोर त्या उंचवट्यावरून उडणार आणि थेट माकडहाडावर आपटणार. तिने डोळे मिटले. उघडले. उंचवटा होता तिथेच होता.

तिने मॅडमना बोलावलं. कारखाना मॅडमचा. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्यापाशी वाकल्या.

"कुठे?"

"हे इथे."

"मला तर सरळ दिसतंय."

काळजीबाईने ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढून पडद्याला लावली. पट्टीच्या वर रेषेचा एक बारीक तुकडा डोकावत होता.

"पट्टी वाकडी असेल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पट्टी नवी आहे!"

"अगं, तुला परवा जिन्यातसुद्धा उंचवटा दिसला होता."

"होता तो. काकांनी ठोकून बसवला नंतर."

मॅडम हसल्या, पण खुर्ची ओढून बसल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांत कामं होती. "हे बघ, मास्तरांच्या फाइलीतून निघालेली एकही घसरगुंडी आजवर परत आलेली नाही. फोम मशीनवर चढलाय. उद्या मशीन मोठ्या ऑर्डरला लागणार. जेवण झालं की काका कापायला घेतील. तोवर तुला काय सापडायचं ते सापडू दे. नाही सापडलं तर आहे तीच रेषा जाईल. आणि जाऊ दे तिला, सगळ्यालाच घाबरून कसं चालेल?"

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनेच म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. कारण हा प्रश्न काळजीबाई स्वतःलाही रोज विचारत होती. आपल्याला दिसतं ते खरंच असतं, की आपणच घाबरट झालोय? सकाळीच तिने घरी फोन केला होता. सासूबाईंना विचारलं, "रडतेय का हो?" त्या म्हणाल्या, "नाही गं, मजेत आहे." तर हिने पटकन विचारलं, "मग इतकी गप्प का आहे?" सासूबाईंनी फोन बाळाच्या तोंडाशी नेऊन तिला रडवून दाखवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. अशा बाईला कुणी उंचवट्याबद्दल का विचारावं?

पण उंचवटा होता. तिने मास्तरांना फोन लावला.

"अगं सोपं आहे," मास्तर म्हणाले. मागे कुठेतरी यंत्रं घरघरत होती. "खालून दुसरा आकडा जरा कमी कर."

तिने कमी केला. उंचवटा पुढे सरकला.

"मग जरा वाढव."

तिने वाढवला. उंचवटा मागे आला आणि शिवाय जाड झाला. गादीवर घट्ट चादर घालताना आत हवा अडकते, इकडे दाबावी तर तिकडे फुगते, अगदी तशी गत.

"मास्तर, तुमच्या वेळी असं व्हायचं का कधी?"

"छे! मोठ्या घसरगुंड्यांना कधीच नाही. ही फारच लहान आहे ना, वळण एकदम येतं. संध्याकाळी बघून सांगतो, ठेवू?" आणि त्यांनी ठेवलाही.

संध्याकाळपर्यंत साचा कापून, घासून, फायबर चढवायला गेलेला असणार होता. इंटरनेटवर शोधावं म्हटलं तर या कॉम्प्युटरचं नेट मॅडमनी मागेच कापलेलं. एकदा व्हायरस आल्यापासून त्यांनी वायरच काढून घरी नेली होती. काळजीबाई नुसती पडद्याकडे बघत बसली. बघता बघता वरच्या कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या प्रश्नचिन्हावर तिची नजर गेली. रोज दिसायचं ते. आज पहिल्यांदाच तिने त्यावर क्लिक केलं.

एक खिडकी उघडली. डावीकडे विषयांची रांग, वर शोधायला एक चौकोन. सॉफ्टवेअरच्या पोटातच अख्खं मदतीचं दुकान होतं आणि इतकी वर्षं कुणी आपणहून त्याचं शटर वर केलं नव्हतं. करणार तरी कशाला? काही अडलं की सगळे खुर्ची मागे ढकलून "मास्तर!" अशी हाक मारायचे. इथे मदत ही विचारायची गोष्ट होती, वाचायची नव्हे.

तिने चौकोनात 'उंचवटा' अशा अर्थाचा शब्द लिहिला. सॉफ्टवेअरला भलताच आनंद झाला. उंचवटे कसे शोधावेत, कसे मोजावेत, सर्वांत उंच कोणता हे कसं ठरवावं, सगळं त्याने पुढ्यात मांडलं. "अरे, मला तो नकोय," ती पुटपुटली. मग तिने 'गुळगुळीत' लिहिलं. पानंच्या पानं आली. खरखरीत आवाज साफ करायच्या युक्त्या, फोटोतले डाग पुसायच्या युक्त्या. घसरगुंडीच्या कामाचं एकही नाही. मोठ्या दवाखान्यात शिरावं, समोर शंभर दारं असावीत आणि आपल्याला काय झालंय तेच सांगता येऊ नये, तसं तिला झालं. मदत हजर होती, पण हाक मारायला नाव ठाऊक नव्हतं.

"ताई, निम्मा डबा संपला माझा," बाहेरून काकांनी वर्दी दिली.

"सावकाश चावून खा, काका!"

"आमची आई पण एवढं सांगत नव्हती हो."

ती पहिल्या पानावर परतली. घाईत माणूस जे वगळतो तेच तिने या वेळी वाचलं: मदत कशी वापरावी. तिथे चार ओळींतच लिहिलं होतं, की तुमच्या फाइलीतल्या ज्या शब्दाबद्दल जाणून घ्यायचंय त्या शब्दावर कर्सर ठेवा आणि कीबोर्डवरची एफ-वनची कळ दाबा.

म्हणजे नाव ठाऊक असायची गरजच नव्हती! नाव मास्तरांच्या फाइलीत लिहिलेलं असणारच. तिने फाइल उघडली आणि ज्यात डोकं घालू नकोस म्हणून बजावलं होतं त्यात डोकं घातलं. आकड्यांच्या खाली, रेषा काढायच्या ओळीत एक शब्द होता, 'स्प्लाइन'. तिने त्यावर कर्सर ठेवला आणि एफ-वन दाबायला बोट नेलं.

एफ-वनची कळ नव्हतीच. दुधाचा दात पडावा तशी तिथे खाच होती.

ती शेजारच्या टेबलावर गेली. तिथेही खाच. मॅडमच्या टेबलावर, तिथेही. मग तिला आठवलं. काम थांबवायला मास्तर घाईघाईने कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबायला जात, बोट नेमकं शेजारच्या एफ-वनवर पडे, आणि नको असताना मदतीची खिडकी धाडकन उघडे. एके दिवशी वैतागून त्यांनी पेनाच्या टोकाने ती कळ उपटली. मग इतरांनाही म्हणाले, तुमचीही काढून देतो. सगळ्यांनी हौसेने काढून घेतली. अख्ख्या कारखान्याने आपल्या हाताने मदतीचं बटण उपटून फेकलं होतं आणि वर मास्तरांचे आभार मानले होते!

तिला एकटीलाच हसू फुटलं. तिने खाचेत डोकावून पाहिलं. तळाशी रबराची एक छोटी टेकडी शाबूत होती. पेन खुपसावं तर रबर फाटेल ही धास्ती. पर्समध्ये बाळाचे कान पुसायच्या कापसाच्या काड्या होत्या, तशा त्या नेहमीच असत. तिने एक काडी काढली, मऊ टोक खाचेत घातलं आणि हलकेच दाबलं.

पान उघडलं. नेमकं त्याच शब्दाचं.

आधी तिला धड काही कळेना. मग तिने बाळाच्या औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचावा तसं वाचायला घेतलं, म्हणजे एक अक्षर न गाळता. ही आज्ञा वळण शक्य तितकं मऊ ठेवते, असं तिथे म्हटलं होतं. मऊ ठेवण्याच्या नादात दोन बिंदूंच्या मधे रेषा गरजेपेक्षा वर किंवा खाली जाऊ शकते, विशेषतः तीव्र उतारानंतर सपाट भाग आला तर. खाली एक उदाहरण होतं, त्याच्यासोबत चित्र. उतार, मग खोलगट, मग उंचवटा, मग सपाट.

"हा तर माझाच!" ती ओरडली.

"काय सापडलं?" काका हात धुऊन दारात आले होते.

"उंचवटा, काका! मला एकटीलाच दिसत नाहीये. हा बघा, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही दिसलाय. त्यांनी चित्र काढून ठेवलंय त्याचं!"

काकांनी चित्र पाहिलं, मग तिच्या रेषेकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. "अरे वा! फोटोच काढलाय की," ते म्हणाले. "पण काढायचा कसा ते लिहिलंय का, का नुसता फोटोच?"

पानाच्या अगदी तळाशी 'हेही पाहा' असं लिहून दुसऱ्या एका आज्ञेचं नाव दिलं होतं. तिने त्यावर क्लिक केलं. ती आज्ञा दिलेल्या बिंदूंचा आकार जपते, सपाट ते सपाटच ठेवते, असं तिथे होतं. तिने स्प्लाइनच्या जागी ते नाव लिहिलं. चालवायच्या आधी मूळ फाइलीची एक प्रत वेगळी ठेवली, ती उघडते का तेही पाहिलं, आणि मगच चालवली.

रेषा उतरली आणि सपाट झाली. खाली गेली नाही, वर आली नाही. तिने पट्टी लावली. पट्टीच्या वर काहीच नव्हतं.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पान अजून संपलं नव्हतं. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, की या रेषेचं वळण पहिल्याइतकं मऊ नसतं. तिच्या कपाळावर आठी आली. "काका, इथे जोडावर जरा कमी मऊ असेल म्हणतायत. चालेल?"

"बोटाला लागेल इतकं?"

"नाही, इतकं नाही."

"मग ते पॉलिशपेपरवर सोडा. उंचवटा घासून जात नाही, जोड जातो."

मॅडम आल्या तेव्हा दोघंही पडद्याला नाक लावून बसले होते. काळजीबाईने आधी जुनी रेषा दाखवली, मग मदतीच्या पानावरचं चित्र, मग नवी रेषा. मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी स्वतःच पट्टी उचलली आणि जुन्या रेषेला लावली.

"आहे गं," त्या म्हणाल्या. "करंगळीएवढा आहे." आणि पट्टी खाली ठेवत, "चष्म्यातून आधीच बघायला हवं होतं मी."

"कपाळावरून कमीच दिसतं, मॅडम," काका म्हणाले.

"तुम्ही मशीन लावा!"

नवी रेषा मशीनमध्ये गेली. पातं फोममध्ये शिरलं आणि पांढरा भुगा उडायला लागला. मॅडम तिथेच उभ्या राहिल्या, एरवी त्या कापायच्या वेळी कधी थांबत नसत. खालची सपाट पट्टी कोरून झाली तसं काकांनी मशीन थांबवलं, भुगा फुंकून उडवला आणि बाजूला झाले.

"या ताई. आधी तुम्ही."

काळजीबाईने तळहात वरून ठेवला आणि उतारावरून हळूहळू खाली आणला, घसरत, घसरत, वळणावरून सपाटीवर. कुठेच काही लागलं नाही. तिने हात उचलला, पुन्हा वर नेला आणि या वेळी डोळे मिटून खाली आणला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

"बघू दे तिला," मॅडम म्हणाल्या, आणि हात पुसून स्वतःही तिच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.